नकाराचे मोल

क्यूबाच्या आग्नेय किनाऱ्यावर ग्वांतानामो नावाचा एक आखातासारखा आत शिरलेला उपसागर आहे. त्याच्या भोवतीच्या सुमारे ११७ चौरस किलोमीटर जागेचे भाडे म्हणून अमेरिकेचा सरकारी खजिना दरवर्षी ४,०८५ डॉलरचा धनादेश क्यूबा सरकारच्या नावे काढतो, आणि क्यूबा सरकार तो वटवीत नाही. १९५९ च्या क्रांतीनंतर पहिल्याच वर्षी एक धनादेश वटवला गेला, तो गडबडीत वटवला गेला असा खुलासा फिडेल कॅस्ट्रो यांनी पुढे केला. त्यानंतरचे धनादेश त्यांच्या मेजाच्या खणात साठत गेले. मुंबईतील जुन्या चाळींचे तंटे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या व्यवहाराचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. भाडे स्वीकारले की भाडेकरूचा हक्क कबूल केल्यासारखे होते म्हणून घरमालक पैशाला हात लावीत नाही, आणि आपला ताबा कायदेशीर असल्याचा दाखला राहावा म्हणून भाडेकरू नेमाने मनिऑर्डर पाठवीत राहतो. चाळीतल्या मालकाला निदान लघुवाद न्यायालयाची पायरी चढता येते. क्यूबाला ती सोय नाही.

हा भाडेपट्टा १९०३ सालचा आहे. स्पेनच्या अंमलातून क्यूबा सुटला तेव्हा तेथे अमेरिकेची फौज होती, आणि ती फौज निघून जावी यासाठी क्यूबाला आपल्या राज्यघटनेत अशी कलमे घालून घ्यावी लागली की, अमेरिकेला योग्य वाटेल तेव्हा तिने क्यूबाच्या कारभारात हस्तक्षेप करावा आणि आरमारासाठी तिला जागा द्याव्यात. पुढे १९३४ च्या तहाने हस्तक्षेपाचे कलम गेले. पण उभयपक्षी संमती झाल्यावाचून किंवा अमेरिकेने आपण होऊन जागा सोडल्यावाचून पट्टा संपणार नाही, ही अट कायम राहिली. त्या दस्तऐवजातील शब्दयोजना मोठी लक्षात ठेवण्याजोगी आहे. जमिनीवरील अंतिम सार्वभौमत्व क्यूबाचे आणि संपूर्ण अधिकार व नियंत्रण अमेरिकेचे, अशी तेथे वाटणी केलेली आहे. २००२ च्या जानेवारीत त्याच जागेवर परदेशांत पकडलेल्या कैद्यांचा तुरुंग उभा राहिला, तेव्हा अमेरिकन सरकारने आपल्याच न्यायालयांपुढे असा युक्तिवाद केला की, भूमी क्यूबाच्या सार्वभौमत्वाखालील असल्यामुळे तेथील कैद्यांची दाद या न्यायालयांना घेता येणार नाही. आणि तो युक्तिवाद तेथील सर्वोच्च न्यायालयाला २००४ व २००८ च्या निकालांनी फेटाळावा लागला. कंपनी सरकारच्या काळात दवंडी पिटताना 'खल्क खुदाकी, मुल्क बादशाह का, हुक्म कंपनी बहादुर का' अशी प्रस्तावना होत असे. मुलूख एकाचा आणि हुकूम दुसऱ्याचा, ही स्थिती त्या दवंडीत जितकी प्रांजळपणे सांगितलेली आहे तितकी ती आधुनिक राज्यशास्त्राच्या कोणत्याही व्याख्येत मला आढळली नाही.

अमेरिकेची जागतिक सत्ता हे साम्राज्य आहे काय, हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे, आणि त्यातील सर्वांत अवघड भाग असा की, ज्यांच्यावर हा आरोप होतो त्यांना तो मनापासून अन्यायाचा वाटतो. साम्राज्याविरुद्ध बंड करून जे राष्ट्र जन्मले, ज्याच्या शाळांतून मुलांना १७७६ चा जाहीरनामा शिकवला जातो, त्याने स्वतःला साम्राज्य म्हणवून घ्यावे तरी कसे? २००३ साली बगदाद पडल्यानंतर अरबी दूरचित्रवाणीच्या वार्ताहराने हाच प्रश्न विचारला तेव्हा संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी, आम्ही साम्राज्ये शोधीत नाही आणि साम्राज्यवादी नाही, असे जवळजवळ दुखावल्या स्वरात सांगितले. या भावनेला आपण मराठी माणसांनी तरी उडवून लावू नये. महात्मा फुल्यांनी १८७३ साली आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केले ते गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. पंडिता रमाबाईंनी त्या देशात हिंडून येऊन १८८९ मध्ये तेथील लोकस्थितीवर मराठीत ग्रंथ लिहिला. आनंदीबाई जोशी तेथूनच डॉक्टर होऊन परतल्या. आणि बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठाने जे दिले त्याचे ऋण ते आयुष्यभर मानीत राहिले. ती अमेरिका खोटी नव्हती. पण ग्वांतानामोचा पट्टा लिहून घेणारी अमेरिकाही खोटी नव्हती, आणि दोघींचा कारभार एकाच राजधानीतून चालत होता.

'साम्राज्य' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शाळेतील भिंतीवरचा तो नकाशा येतो, ज्यावर ब्रिटिशांचा मुलूख तांबड्या रंगात रंगवलेला असे. रंग दिसला की साम्राज्य आहे आणि दिसला नाही की नाही, इतके हे प्रकरण सोपे असते तर वाद केव्हाच मिटला असता. आपल्या परंपरेला मात्र रंगाच्या कसोटीवर भिस्त ठेवण्याचे कारण नव्हते. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या बाराव्या अधिकरणात जेत्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत : जो शरणागतीनेच संतुष्ट होतो तो धर्मविजयी, ज्याला भूमी आणि द्रव्य हवे असते तो लोभविजयी, आणि जो भूमी, द्रव्य, पुत्र, दारा व प्राण सर्वच हरण करतो तो असुरविजयी. पराभूत राजाला गादीवर ठेवून त्याच्याकडून मांडलिकत्व कबूल करून घेणे, हाही दिग्विजयच मानला जाई. खुद्द मराठ्यांच्या दप्तरात स्वराज्य वेगळे आणि मोगलाई वेगळी. निजामाच्या मुलखात एकाच गावी निजामाचा अंमलदार महसूल वसूल करी आणि मराठ्यांचा कमाविसदार चौथाई, आणि या व्यवस्थेला दुअंमली असा शब्दच रूढ झाला होता. सत्ता आणि मालकी या दोन गोष्टी वेगळ्या राहू शकतात, हे ज्यांच्या कागदपत्रांत तीनशे वर्षांपूर्वी नोंदलेले आहे त्यांनी अमेरिकेचा नकाशा पाहून फसण्याचे कारण नाही.

आणि तसे पाहिले तर नकाशावरही रंग होताच. १ मे १८९८ रोजी अमेरिकन आरमाराचा कमोडोर ड्यूई याने मनिलाच्या उपसागरात स्पेनचे आरमार बुडवले. स्पेनशी आधीपासून झुंजत असलेल्या फिलिपिनो क्रांतिकारकांनी एमिलिओ अगिनाल्दो यांच्या नेतृत्वाखाली १२ जूनला स्वातंत्र्याची घोषणा केली आणि मनिला शहराला वेढा घातला. ऑगस्टमध्ये शहर पडले ते एका ठरवून केलेल्या लढाईत : स्पॅनिश आणि अमेरिकन सेनानींनी आपसांत मसलत करून नावापुरता गोळीबार केला, आणि शहर अमेरिकनांच्या हवाली झाले तेव्हा ज्यांचे ते शहर त्यांना वेशीबाहेर रोखून धरण्यात आले. पुढे पॅरिसमध्ये तहाची बोलणी झाली. फिलिपिनोंचे वकील फेलिपे अगोन्सिल्यो तेथे जाऊन पोहोचले, परंतु त्यांना बैठकीत प्रवेश मिळाला नाही. १० डिसेंबर १८९८ च्या तहनाम्याने स्पेनने फिलिपीन्स अमेरिकेला दिले व त्याबद्दल २ कोटी डॉलर घेतले. प्वेर्तो रिको आणि ग्वाम ही बेटेही त्याच तहात गेली. विक्रीखत झाले, रक्कम पोचली, आणि ज्या लक्षावधी माणसांसह तो मुलूख विकला गेला त्यांच्यापैकी एकाचीही त्या कागदावर सही नव्हती.

या व्यवहाराविरुद्ध अमेरिकेतच जे वादळ उठले त्याची आठवण ठेवणे न्यायाचे आहे. साम्राज्यवादविरोधी संघात मार्क ट्वेन होते, तत्त्वज्ञ विल्यम जेम्स होते, आणि पोलाद-कारखानदार अँड्र्यू कार्नेगी हेही होते, ज्यांनी २ कोटी डॉलर स्वतःच्या खिशातून भरून फिलिपिनोंना मोकळे करण्याची तयारी दाखवल्याचे सांगतात. दुसऱ्या बाजूने रुडयार्ड किपलिंग यांनी गोऱ्या माणसाच्या ओझ्याविषयीची आपली प्रसिद्ध कविता नेमकी याच वेळी, फिलिपीन्सचा उल्लेख उपशीर्षकात करून, अमेरिकेला उद्देशून प्रसिद्ध केली. हा कवी मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मलेला. म्हणजे जुन्या साम्राज्याने नव्याला दिलेल्या त्या दीक्षेला आपल्या शहराचाही एक धागा जोडलेला आहे. ६ फेब्रुवारी १८९९ रोजी सेनेटने तह मंजूर केला तो आवश्यक दोन-तृतीयांशांपेक्षा केवळ एका मताच्या आधिक्याने, आणि त्याच्या दोनच दिवस आधी मनिलाच्या वेशीवर युद्धाला तोंड फुटले होते. तीन वर्षांच्या त्या युद्धात ४,२०० हून अधिक अमेरिकन सैनिक आणि सुमारे २०,००० फिलिपिनो लढवय्ये मेले; हिंसा, उपासमार व रोगराई यांना बळी पडलेल्या साध्या रयतेचा आकडा दोन लाखांपर्यंत सांगितला जातो.

पुढील कथा इतकी एकरंगी नाही, आणि या वादाचा खरा कस तिच्यातच लागतो. अमेरिकेने तेथे शाळा काढल्या. १९०१ मध्ये 'थॉमस' नावाच्या जहाजातून सुमारे ५०० शिक्षक उतरले. १९१६ मध्ये स्वातंत्र्याचे वचन दिले, १९३४ मध्ये त्याची मुदत ठरवली, आणि मधे जपानी आक्रमणाचे महाभयंकर पर्व येऊन गेले तरी ४ जुलै १९४६ रोजी ते पाळले. फ्रान्स आणि हॉलंड ज्या वर्षी आपापल्या वसाहती कशा टिकवाव्यात याच्या विवंचनेत होते त्या वर्षी स्वतःहून मुलूख सोडून देणे ही काही लहान गोष्ट नव्हे. परंतु त्या सोडण्याबरोबरच एक व्यापारी कायदा आला. त्याने फिलिपिनो पेसोचे मूल्य डॉलरला बांधून टाकले आणि त्या देशाच्या नैसर्गिक संपत्तीवर अमेरिकन नागरिकांना फिलिपिनोंच्या बरोबरीचा हक्क दिला. त्यासाठी घटना दुरुस्त करावी लागणार होती. युद्धात बेचिराख झालेल्या देशाला पुनर्बांधणीसाठी मदत मंजूर झाली होती, तिच्यात अशी तरतूद केली गेली की, या कायद्याप्रमाणे व्हावयाचा करार अमलात येईपर्यंत ५०० डॉलरवरील कोणतीही नुकसानभरपाई द्यावयाची नाही. घटना दुरुस्त झाली. १९४७ मध्येच लष्करी तळांसाठी ९९ वर्षांचा करार झाला. १९६२ साली अध्यक्ष माकापागाल यांनी देशाचा स्वातंत्र्यदिन ४ जुलैवरून हलवून १२ जूनवर नेला, म्हणजे अमेरिकेने ज्या दिवशी स्वातंत्र्य दिले तो दिवस सोडून अगिनाल्दो यांनी ज्या दिवशी ते घोषित केले होते तो दिवस धरला. एका राष्ट्राने आपल्या इतिहासाविषयीचा निकाल पंचांगात नोंदवून ठेवावा, तसे हे झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने मुलूख मिळवण्याचा मार्ग बहुतांशी सोडला आणि तळांचा धरला. डेव्हिड वाईन या अभ्यासकाच्या गणतीप्रमाणे सुमारे ८० देशांत व प्रदेशांत असे सुमारे ७५० तळ आहेत. अमेरिकन अभ्यासक चामर्स जॉन्सन यांनी या तळांनाच आधुनिक वसाहती म्हटले. याच्या उलट नॉर्वेचे इतिहासकार गेअर लुंडेस्टाड यांनी १९८६ मध्ये असा सिद्धान्त मांडला की, पश्चिम युरोपात अमेरिका आली ती आमंत्रणावरून. सोव्हिएत सैन्याच्या भयाने तेथील लोकनियुक्त सरकारांनी तिला आग्रहाने बोलावले आणि ती जाऊ नये म्हणून धडपड केली. हा युक्तिवाद वजनदार आहे. तरीही मराठी वाचकाला 'आमंत्रण' हा शब्द ऐकताच वसईच्या तहाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी हडपसरला पराभव केल्यावर दुसरे बाजीराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले तेही आपल्या पायांनीच गेले. ३१ डिसेंबरच्या तहाने त्यांनी सहा हजारांची तैनाती फौज पदरी घेतली, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला, आणि परराज्यांशी बोलणे कंपनीच्या संमतीवाचून करणार नाही असे कबूल केले. आमंत्रण होते, स्वाक्षरी होती, पेशव्यांची गादीही शाबूत होती. त्या तहाचा अर्थ काय होता हे कळले १८१७ च्या नोव्हेंबरात, जेव्हा पेशव्यांनी खडकीच्या मैदानावर नकार देऊन पाहिला. आठ महिन्यांच्या आत राज्य गेले आणि बिठूरला ८ लाखांच्या तनख्यावर उरलेले आयुष्य काढण्याची पाळी आली.

म्हणून मला वाटते की, या वादात विचारावयाचा प्रश्न फौज कोणी बोलावली हा नाही; जा म्हटल्यावर ती जाते काय, आणि जा म्हणणाऱ्याचे पुढे काय होते, हा आहे. १९६६ साली फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी नाटोच्या संयुक्त लष्करी व्यवस्थेतून अंग काढून घेतले आणि अमेरिकन सैन्याने फ्रान्सची भूमी सोडावी असे फर्मावले. वॉशिंग्टनमध्ये संताप झाला, परंतु पुढच्या वर्षी सैन्य गेले, आणि पॅरिसवर कोणी चालून आले नाही. त्याच्या दहा वर्षे आधी हंगेरीने मॉस्कोला असाच नकार दिला तेव्हा बुडापेस्टच्या रस्त्यांतून रणगाडे फिरले होते. १६ सप्टेंबर १९९१ रोजी फिलिपीन्सच्या सेनेटने तळांचा नवा करार १२ विरुद्ध ११ मतांनी नामंजूर केला, आणि १९९२ च्या नोव्हेंबरात सुबिक उपसागरावरील अमेरिकन निशाण उतरले. चौऱ्याण्णव वर्षांपूर्वी ज्यांच्या वकिलाला दारात अडवले होते त्यांनी दार बंद केले आणि ते बंद राहिले. २००३ मध्ये तुर्कस्तानच्या संसदेने इराकवर चालून जाणाऱ्या फौजेला वाट नाकारली. तुर्कस्तानचे राज्य बुडाले नाही. ज्या सत्तेला इतक्या लहानमोठ्या देशांनी नाही म्हणावे आणि तरी तिने त्यांना चिरडू नये, तिला साम्राज्य म्हणण्यापूर्वी थांबावेसे वाटते.

पण थांबले की ग्वाटेमाला आठवतो. तेथे हाकोबो आर्बेन्स या लोकनियुक्त अध्यक्षांनी १९५२ मध्ये कूळकायद्याच्या धर्तीवर जमीनसुधारणा केली आणि युनायटेड फ्रूट या अमेरिकन कंपनीची पडीक जमीन भूमिहीनांना वाटण्यासाठी ताब्यात घेतली. मोबदला ठरवला तो कंपनीने कर भरताना स्वतःच जाहीर केलेल्या किमतीवर, म्हणजे सुमारे ६ लाख २७ हजार डॉलर. कर वाचवण्यासाठी किंमत कमी दाखवलेली होती. आता अमेरिकेच्या परराष्ट्रखात्याने कंपनीच्या वतीने सुमारे १ कोटी ५८ लाखांची मागणी केली. ती मान्य झाली नाही. १९५४ च्या जूनमध्ये सीआयएने शस्त्रे, पैसा आणि खोट्या बातम्या देणारे नभोवाणी केंद्र पुरवून उभारलेली एक टोळी सरहद्द ओलांडून आली, सैन्याने अध्यक्षांची साथ सोडली आणि आर्बेन्स यांना पायउतार व्हावे लागले. हे सर्व पुढे अमेरिकेनेच खुल्या केलेल्या कागदपत्रांतून उघड झाले आहे. त्यानंतर १९६० पासून १९९६ पर्यंत चाललेल्या यादवीत त्या लहानशा देशात दोन लाख माणसे मेली. आर्बेन्स यांच्या आदल्या वर्षी, १९५३ मध्ये, तेलाचे राष्ट्रीयीकरण करणारे इराणचे पंतप्रधान मोसद्दिक असेच गेले होते. फ्रान्सला जो नकार बारा वर्षांनी परवडला तो ग्वाटेमालाला परवडला नाही, आणि दोघांशी वागणारे राष्ट्र एकच होते. अमेरिका साम्राज्य आहे की नाही याला एकच उत्तर शोधण्याचा हट्ट मला यासाठी व्यर्थ वाटतो. ज्याला सोसेल अशा किमतीत नाही म्हणता येते त्याच्यासाठी ती एक बलाढ्य मित्रशक्ती आहे. ज्याला येत नाही त्याच्यासाठी ती साम्राज्यच आहे, तिच्या शाळांत काहीही शिकवले जात असो.

या किमतीचा हिशेब अलीकडे बंदुकीपेक्षा डॉलरमध्ये अधिक होतो. १९४४ मध्ये ब्रेटन वुड्स येथे जी जागतिक चलनव्यवस्था ठरली तिच्यात डॉलर मध्यभागी बसला; आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत महत्त्वाच्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात आणि अमेरिकेजवळ १६ टक्क्यांहून अधिक आहेत, त्यामुळे तिच्या संमतीवाचून तेथे मोठा फेरफार होत नाही. १९५६ साली ब्रिटन आणि फ्रान्स सुएझवर उतरले तेव्हा अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी गोळी न झाडता, कोसळू लागलेल्या पौंडाला आधार देण्याचे नाकारून, त्यांना माघारी लावले. जुन्या साम्राज्याचे शेवटचे साहस नव्या सत्तेने त्या दिवशी पैशाच्या बळावर मोडले, आणि इजिप्तच्या लोकांनी तिचे आभारच मानले असतील. तेच हत्यार पुढे दुसऱ्या दिशेनेही वळले. २०१४ मध्ये बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेने सुदान, इराण आणि क्यूबा यांच्याशी डॉलरमध्ये व्यवहार केल्याबद्दल अमेरिकेला सुमारे ८९० कोटी डॉलर दंड भरला. कायदा अमेरिकेच्या संसदेचा, बँक फ्रान्सची आणि ग्राहक तिसऱ्याच देशाचे. तरी पैसा ज्या घाटावरून उतरतो तो घाट न्यूयॉर्कला असल्यामुळे जकात तेथे द्यावी लागली. भारताने इराणचे तेल घेणे २०१९ च्या मे महिन्यानंतर थांबवले ते संयुक्त राष्ट्रांच्या ठरावामुळे नव्हे. अमेरिकेने दिलेली सवलतीची मुदत संपली म्हणून थांबवले.

आपल्या घरात ही किंमत एकदा ताटात वाढली गेली आहे. १९५४ च्या पब्लिक लॉ ४८० या कायद्याखाली अमेरिका आपले शिलकी धान्य रुपयांच्या मोबदल्यात देऊ लागली आणि १९५६ मध्ये भारताशी पहिला करार झाला. रेशनच्या दुकानातील त्या तांबड्या गव्हाची आणि मिलो नावाच्या तांबूस ज्वारीची आठवण महाराष्ट्रातील वृद्ध माणसे आजही काढतात. १९६५ व १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पाऊस चुकला, लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी संध्याकाळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, आणि दुसऱ्या वर्षी सुमारे एक कोटी टन धान्य परदेशांतून आले, त्यातील बहुतेक अमेरिकेचे. अध्यक्ष जॉन्सन यांनी नेमक्या या काळात वर्षाचा करार न करता महिन्या-दोन महिन्यांच्या हिशेबाने जहाजे सोडण्याचे धोरण ठेवले. शेतीकडे दुर्लक्ष केल्याबद्दल भारताला शिस्त लावावी हा त्यात एक हेतू होता. व्हिएतनामवरील बाँबफेकीचा भारताने केलेला निषेध त्यांना झोंबला होता, हेही तितकेच खरे. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांना गेला. आपल्या शेतकऱ्यांत असा समज आहे की, बांधाबांधावर माजलेले गाजरगवत त्या गव्हातूनच आले. त्याची पुण्यातील नोंद १९५५ च्या सुमाराची असल्यामुळे तारखांचा मेळ पुरता बसत नाही. परंतु लोकांनी या तणाला ती उत्पत्ती चिकटवली यात परावलंबनाविषयीची एक बोच आहे, आणि ती बोच खरी आहे.

तरी याच प्रकरणात दुसरी बाजू अशी की, परावलंबन संपवणारे मेक्सिकोतील बुटके गव्हाचे वाण ज्यांनी तयार केले ते नॉर्मन बोरलॉग अमेरिकन होते, आणि त्यांच्या कामामागे पैसा रॉकफेलर प्रतिष्ठानचा होता. दावे आखडून धरणारा हात आणि बियाणे देणारा हात एकाच देशाचे होते. धान्याच्या मोबदल्यात साठलेल्या रुपयांच्या डोंगरापैकी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश राजदूत मॉयनिहान यांनी १९७४ च्या फेब्रुवारीत भारत सरकारला परत दिला. जगातील तोवरच्या सर्वांत मोठ्या रकमेचा धनादेश म्हणून त्याची नोंद झाली. हा धनादेश आपण घेतला. दोनच वर्षांपूर्वी, १९७१ च्या डिसेंबरात, 'एंटरप्राइझ' ही अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे निघाली असता आपण युद्ध थांबवण्यास नकार दिला होता आणि १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली होती. नकार देण्याचे बळ आपल्याला होते, कारण शिवारात गहू उभा होता आणि पाठीशी सोव्हिएत मैत्रीचा तह होता. हे बळ प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही.

कन्याकुमारीच्या दक्षिणेस सुमारे १,८०० किलोमीटरवर दिएगो गार्सिया नावाचे एक प्रवाळबेट आहे, कोयंड्याच्या आकाराचे, नारळींनी भरलेले. तेथे आणि शेजारच्या चागोस बेटांवर दीड-दोन हजार माणसे राहत असत. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून, मादागास्करातून आणि काही आपल्या दक्षिणेतूनही खोबऱ्याच्या मळ्यांवर आणलेले. १९६५ मध्ये ब्रिटनने मॉरिशसला स्वातंत्र्य देण्याआधी ही बेटे त्यापासून तोडून घेतली आणि १९६६ मध्ये तळासाठी अमेरिकेला दिली. मोबदला म्हणून पोलॅरिस क्षेपणास्त्रांच्या खर्चात १ कोटी ४० लाख डॉलरची सूट मिळाली. अमेरिकेला बेट मोकळे हवे होते. उपचारासाठी किंवा सुट्टीवर मॉरिशसला गेलेल्या लोकांना परतीचे जहाज नाकारण्यापासून सुरुवात झाली, पुढे सामानाचा पुरवठा तुटला, आणि मग त्यांच्या घरांतील कुत्री एका भट्टीत कोंडून वायूने मारण्यात आली. १९७३ पर्यंत शेवटची माणसे जहाजात चढवून मॉरिशसच्या धक्क्यावर आणि सेशेल्समध्ये उतरवली गेली. एक पेटी आणि एक वळकटी एवढेच त्यांना नेता आले. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ब्रिटनचा तेथील अंमल बेकायदा असल्याचे मत दिले. २०२५ च्या मे महिन्यात ब्रिटन आणि मॉरिशस यांनी ज्या करारावर सह्या केल्या त्याप्रमाणे बेटे मॉरिशसची, तळ ९९ वर्षे कायम, आणि भाडे वर्षाला सरासरी १० कोटी पौंडांच्या घरात. बोलणी दोन सरकारांची होती. बेटवासी त्यात पक्षकार नव्हते. इतर बेटांवर त्यांना पुन्हा वसवता येईल असे कराराचे कलम सांगते. दिएगो गार्सिया त्यातून वगळलेले आहे, आणि तेथे जन्मलेली जी थोडी वृद्ध माणसे आज पोर्ट लुईच्या वस्त्यांत आहेत त्यांच्या आईबापांच्या कबरी त्या कुंपणाच्या आत आहेत.